वरचा मसीहा, खालचा मसीहा

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. घरच्या पत्त्यावर न पाठवता कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलंस ते शहाणपणाचं केलंस. दाजींच्या बसचा मार्ग बदलला आणि आता ते संध्याकाळी घरी असतात हे वाचून बरं वाटलं. पाट्या रंगवणाऱ्या दुकानातली जागा अजून रिकामी आहे, मालकाला माझ्या अक्षराचे नमुने आवडले आहेत, राहायला तुमची पुढची खोली आहे, आणि संध्याकाळच्या शाळेत माझं अर्धवट राहिलेलं शिक्षणही पुरं करता येईल, असं सगळं तू व्यवस्थित लिहिलं आहेस. शेवटी फक्त एवढंच विचारलं आहेस, की कधी येतोस. या एका ओळीचं उत्तर द्यायला मी कितीतरी कागद फाडले. एकावर ‘लवकरच’ असं लिहिलं होतं. शुद्धलेखन बरोबर होतं, पण शब्द खोटा होता, म्हणून तोही फाडला.

खरं उत्तर असं, की आईच्या थडग्यावरचा दगड अजून उभा राहिलेला नाही. खालच्या मजल्यावर बाबा म्हणतात, तुझ्या आईचा दगड एकदा उभा राहू दे, मग खुशाल जा. वरच्या मजल्यावर आजोबा म्हणतात, माझ्या लेकीचा दगड उभा राहू दे, मग तुला कोण अडवतंय. दोघांचं एवढं एकमत ऐकून परक्याला वाटेल की काम झालंच. पण दगडावर धर्मग्रंथातलं कोणतं वचन कोरायचं हे ठरत नाही, आणि ते ठरत नाही तोवर माझं घोंगडं भिजत पडलं आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असं म्हणतात ना, तसं आहे माझं. फक्त इथे आई नाही, आणि बाप दोन आहेत.

माझं काम तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. शाळा सुटल्यावर मी या दगडाच्या कारखान्यात लागलो. थडग्यांचे दगड, कोनशिला, दारावरच्या पाट्या, असं सगळं आम्ही करतो. छिन्नी मला अजून मिस्त्री हातात देत नाहीत. मी कागदावर अक्षरं आखतो. मग अक्षरांच्या कडेने सुईने बारीक भोकं पाडायची, कागद दगडावर चिकटवायचा, आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. कागद काढला की दगडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटतं. त्या वेळी शिंकही आलेली चालत नाही. कोरण्याआधी घरच्यांनी कागदावर सही करायची असा मिस्त्रींचा नियम आहे, कारण दगडाला खोडरबर नसतं. ज्या दगडांवर चुका झाल्या ते फेकायचे कसे, म्हणून ते उलटे घालून वापरले आहेत. आमच्या कारखान्याची पायरी म्हणजे कुणाचं तरी चुकलेलं नाव आहे. मी त्या पायरीवर कधी पाय देत नाही, उडी मारून आत जातो. मिस्त्री म्हणतात, हा पोरगा एक दिवस तंगडी मोडून घेणार आणि त्याच पायरीवर बसणार.

आईचा दगड मी स्वतः निवडला. करड्या रंगाचा आहे, कडेला एक पांढरी शीर गेली आहे. तो भिंतीला टेकून उभा आहे, आणि मी रोज त्याच्यावरची भुकटी ओल्या फडक्याने पुसतो. गिऱ्हाईक विचारतं, हा कुणाचा? मिस्त्री सांगतात, आमच्या मुक्याच्या आईचा. मुका म्हणजे मी. दिवसभर मी कारखान्यात फारसं बोलत नाही, ते खरं आहे. बोलणं सगळं घरी खर्च होतं, आणि त्यातलं माझं काहीच नसतं.

आईला पुरलं त्या दिवसापासून बाबा आणि आजोबा एकमेकांशी बोललेले नाहीत. तू त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी होतीस. लांबून तुला दिसलं असेल, पण ऐकू आलं नसेल. खड्ड्याशी बाबांनी त्यांचं पुस्तक उघडलं. आजोबा म्हणाले, माझी मुलगी माझ्या पूर्वजांच्या शब्दांनी जाईल. बाबा म्हणाले, माझी बायको होती ती. मग दोघांनीही पुस्तकं मिटली आणि दोघांनीही ओठ मिटले, आणि आईवर कुणाचाच शब्द न पडता माती पडली. खोदणारा माणूस बिचारा फावडं हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. शेवटी त्याने मला विचारलं, लोटू का? मी मान हलवली. त्या घटकेपासून दोघांमधलं सगळं मलाच विचारलं जातं.

त्यानंतर आजोबा गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. बाबा वर चढत नाहीत, त्यांना गुडघ्यांचं काही नाही. आपलं घर असंच विचित्र, हे आई सांगायची. आजोबा यहुदी, त्यांनी ख्रिस्ती जावई नको म्हणून एका आठवड्यात आकांततांडव केलं, आणि पुढच्याच आठवड्यात याच जावयाला खालचा मजला दिला, कारण मुलगी भाड्याच्या खोलीत राहिलेली बघवणार नव्हती. त्यानंतर सगळी वर्षं दोघं, दोघांच्याही धर्मग्रंथांत असलेल्या बारा संदेष्ट्यांवरून भांडले. बाबा त्यांना ‘लहान संदेष्टे’ म्हणतात, कारण त्यांच्या प्रार्थनामंदिरात तसंच म्हणतात. आजोबा शिवणयंत्राचं चाक थांबवून विचारायचे, लहान कशाने रे? उंचीने? आमच्यात ते बाराही मिळून एकच पुस्तक आहे, एकाला हात लावलास तर बाकीचे अकरा उठून बसतील.

तेव्हा निरोप आई न्यायची. तुला आठवतं ना, ती जिना चढता चढता निरोप धुऊन घ्यायची. खालून निघायचं, म्हाताऱ्याला सांग, डोळे उघडून वाच. वर पोचायचं, बाबा, ते म्हणतायत चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आजोबा हसायचे. मला ती कला नाही. मला जे सांगतात ते मी काना-मात्रेसकट पोचवतो. कुठे थांबले, कुठे खोकले, तेही. एकदा आजोबा म्हणाले, अरे गाढवा, शेवटचा शब्द मी रागात बोललो होतो, तो गाळायचा. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत?

वचनाचं सुरू झालं ते बारांतल्या मीखापासून. बाबांनी सांगितलं, जा, सांग त्यांना, मीखा, पाचवा अध्याय, दुसरं वचन. मी तेवढंच सांगितलं. वचन स्वतःच्या तोंडाने म्हणायला मी घाबरतो, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर. आजोबांनी आपलं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, यंत्रही चाललं नाही. मी ताट परत नेताना म्हणाले, तुझ्या बापाला सांग, माझ्या लेकीच्या दगडावर माझ्या बायकोचं मरण कोरायचं सुचलं, धन्य आहे. मला काही कळेना. बाबांना सांगितलं तर त्यांनाही कळेना. शेवटी मी दोन्ही पुस्तकं जिन्याच्या मधल्या पायरीवर शेजारीशेजारी उघडी ठेवून पाहिली. आजोबांच्या पुस्तकात तो अध्याय एका ओळीनंतर सुरू होतो. बाबांचं दुसरं वचन ते आजोबांचं पहिलं. बेथलेहेम, तू एवढंसं गाव असूनही तुझ्यातून राज्य करणारा निघेल, हे ते वचन. आणि आजोबांच्या दुसऱ्या वचनात, बाळंत होणारी बाळंत होईपर्यंत देव आपल्या लोकांना सोडून देईल, असं आहे. आजी आईला जन्म देतानाच गेली होती, हे तुला सांगायला नको.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, एवढा नीच वाटलो मी त्यांना? मी वर जाऊन सांगितलं. आजोबा बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, सांग त्याला, देवाचं पुस्तकसुद्धा एका ओळीने पुढे पळवलंय त्याने, घाई फार. पण संध्याकाळी त्यांनी ताट रिकामं करून पाठवलं. आपल्याकडे माफी मागायची आणि द्यायची ती अशीच.

बेथलेहेम मात्र आजोबांनी मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, ते वचन दावीदाच्या घराण्यातल्या राजाबद्दल आहे, आणि तो राजा यायचा आहे. बाबांचं म्हणणं, तो त्याच गावात जन्मला, आला, आणि त्याचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. आजोबा म्हणाले, राजा आला तर त्याचं राज्य कुठे ठेवलंय? त्याला सांग, एकच पान मागे जा. लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील असं तिथे लिहिलंय. तू भंगाराच्या काट्यावर बसतोस ना, तुझ्याकडे वजनाला तलवारी येतात की नांगर येतात? मी हे खाली नेलं. बाबा त्या दिवशी काट्यावरून थकून आले होते, पाय पाण्यात सोडून बसले होते. म्हणाले, सांग, नांगरच येतात. तोच तर मला त्रास आहे. मग मान खाली घालून पुटपुटले, तो परत येणार आहे, तेव्हा तेही होईल. हे पुटपुटलेलं नेऊ की नको, मला ठरवता येईना. मी नेलं. आजोबा म्हणाले, बघ, म्हणजे तोही वाटच बघतोय. मग माझ्यावर का ओरडतो?

मग दुसरा संदेष्टा, जखऱ्या आला. नम्र राजा गाढवावर बसून येतो ते वचन. बाबांच्या मते ते शब्दशः घडून गेलं, शहराच्या वेशीतून, लोकांच्या डोळ्यांदेखत. आजोबा म्हणाले, आमच्या जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय, आपण लायक असलो तर तो ढगांवरून येईल, नालायक असलो तर गाढवावरून. आणि गाढवावर बसणारे पुष्कळ असतात, पुढची ओळ बघ म्हणावं, तो युद्धाचं धनुष्य मोडतो आणि समुद्रापासून समुद्रापर्यंत शांतता करतो. याचं बाबांनी सकाळी उत्तर दिलं. म्हणाले, सासरेबुवांना सांग, ढगांवरून आला असता तर तुम्ही म्हणाला असता, याचे पाय जमिनीला लागत नाहीत.

तो निरोप पोचवायच्या आधी मी एक गोष्ट केली. दुपारी कारखान्यातून लवकर निघालो, पिशवीत दोन सदरे आणि माझ्या पट्ट्या-पेन्सिली भरल्या, आणि बसच्या थांब्यावर गेलो. तुमच्या गावाची पाटी लावलेली बस उभी होती. चालक दाजी नव्हते, पण तशीच टोपी घातलेला होता. मी चढलो, खिडकीशी बसलोही. पण ढगांचा तो निरोप माझ्या तोंडात होता, ताई. घास तोंडात धरून माणूस किती वेळ बसू शकेल? वर आजोबा खुर्ची जिन्याकडे वळवून बसले असतील, खाली बाबा उत्तराची वाट बघत चहा थंड करत असतील, असं दिसायला लागलं. बस सुरू झाली तशी मी उतरलो. घरी आलो, वर गेलो, निरोप सांगितला. आजोबा गालात हसले आणि त्यांनी प्रतिनिरोप दिला. पिशवी माझ्या खांद्यालाच होती. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, की ही पिशवी कसली.

हेच मला तुला समजावून सांगता येत नाही. मला कुणी कोंडलेलं नाही. दारं दोन्ही उघडी असतात. बाबा खोकले की मला खाली जायचं असतं, यंत्र थांबलं की वर. मी जेवतो खाली, झोपतो वर. बाबा म्हणतात, तुझा बाप्तिस्मा झालाय, तू आमचा. आजोबा म्हणतात, आई आमची तर लेकरू आमचं, पाण्याने काय होतंय. दोघंही मला प्रेमाने ओढतात. अडकित्त्याची दोन्ही पाती प्रेमळ असली तरी सुपारीला काय? आणि सर्वांत वाईट म्हणजे मी ज्याचा निरोप नेतो तो जिना संपेपर्यंत मला खरा वाटतो. वर जाताना मसीहा आलेला असतो, खाली उतरताना तो यायचा असतो.

एकदाच असं झालं की मला परत फिरावं लागलं नाही. बाबांनी जखऱ्याचंच पुढचं वचन पाठवलं होतं, ज्याला भोसकलं त्याच्याकडे ते बघतील, ते. बाबांना त्यात क्रूस दिसतो. मला वाटलं, आजोबा आता म्हणतील की ते लढाईत पडलेल्यांबद्दल आहे, तसं त्यांनी पूर्वी आईला समजावताना मी ऐकलं होतं. पण ते म्हणाले, त्याला सांग, वचन तिथे तोडू नको. पुढे लिहिलंय, एकुलतं एक मूल गेल्यावर रडतात तसे ते रडतील. माझी एकच होती. मी खाली जाऊन तेवढंच सांगितलं. बाबा बाहेर पडवीत जाऊन उभे राहिले, आणि पुढचा आठवडाभर वर कोणतंच वचन गेलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी मला रोज विचारलं, म्हातारा जेवला का?

आणि मग ताई, ते एकमतावर आले. मलाही खरं वाटलं नाही. बारांतला शेवटचा मलाखी, आणि त्याचाही अगदी शेवट. न्यायाचा तो मोठा दिवस येण्याआधी देव एलिया संदेष्ट्याला पाठवेल, आणि तो बापांची मनं लेकरांकडे आणि लेकरांची बापांकडे वळवेल. यातही वाद आहेच. बाबांच्या मते एलियाचं काम करणारा येऊन गेला, त्याने नदीवर लोकांना बाप्तिस्मा देऊन तयार केलं, आणि मग मसीहा आला. आजोबांच्या मते एलिया यायचाच आहे. त्यानंतरच्या ओळीत शापाची धमकी आहे. बाबा म्हणतात, शापावर थांबू नये, पान उलटावं, पुढे येशूचं शुभवर्तमान सुरू होतं. आजोबा म्हणतात, आमच्यात शापावर थांबतच नाहीत, आधीचं एलियाचं वचन पुन्हा म्हणतात आणि मग पुस्तक मिटतात. म्हणजे शाप दोघांनाही नकोच आहे. मधली ओळ दोघांनाही हवी आहे. बाबा म्हणाले, हे वचन तिला आवडायचं. वरून तेच शब्द आले. अध्यायाचा आकडा घालायचा नाही असं मीच ठरवलं, कारण एकाच्या पुस्तकात तो चौथा आहे, दुसऱ्याच्या पुस्तकात तिसरा.

मी आनंदाने कारखान्यात आखणी सुरू केली. मिस्त्री म्हणाले, वचन झालं, आता खाली नावं सांग. अमक्याची मुलगी, तमक्याची पत्नी, आणि मुलं कोण? मी घरी येऊन विचारलं. खाली उत्तर मिळालं, तुझं नाव घाल. वर उत्तर मिळालं, तुझं नाव घाल. आई गेल्यापासून मी या दोघांमध्ये धावतोय, पण एकच उत्तर, एकही शब्द न बदलता, दोन्ही मजल्यांवर मला पहिल्यांदाच मिळालं. तुझं नाव कुणी घेतलं नाही. मी आखणीचा कागद घेऊन बसलो, आणि माझं नाव लिहिल्यावर त्याच्या शेजारी जी जागा उरली ती मला भरता येईना आणि मोकळीही सोडवेना.

तू घर सोडलंस ती दुपार मला पाठ आहे. तू आणि दाजी नोंदणी कार्यालयातून सरळ आलात, दाजींच्या हातात पेढ्यासारखा जपून धरलेला लग्नाचा कागद होता. बाबांनी विचारलं, आशीर्वाद कुणाचा घेतलात? जिन्याच्या वरच्या टोकावरून आजोबांनी विचारलं, हो, कुणाचा? आणि तू म्हणालीस, दोघांपैकी कुणाचाही मसीहा आला की मला निरोप धाडा, त्याच्याच हातून घेऊ. आई हसली. तिने तोंडावर हात धरला तरी ते हसू बोटांतून सांडलं. त्यानंतर कुणीतरी ‘जा’ म्हणालं. मी तेव्हा दाराआड होतो. आवाज खालून आला की वरून, मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही. तुला माहीत असेल.

परवा मी आयुष्यात पहिल्यांदा कुणीच न दिलेला निरोप नेला. आखणीचा कागद घेऊन वर गेलो. म्हणालो, आजोबा, एलिया अजून आलेला नाही ना? ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, मग तो येईपर्यंत बापांची मनं लेकरांकडे वळवायचं काम कुणाचं? की तोवर ताईने बाहेरच थांबायचं? यंत्राचं चाक त्यांनी हाताने धरलं. मग मी खाली आलो. म्हणालो, बाबा, एलिया येऊन गेला ना? ते म्हणाले, हो. मी म्हणालो, मग हे काम झालेलं असायला हवं. मग ताई कुठे आहे? बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि परत काढून डोळ्यांवर चढवला.

मला वाटलं, आता मार बसेल. या वयातही मला तसंच वाटतं. पण बाबा हळूच म्हणाले, मी कुठे नको म्हटलंय? म्हातारा तिला उंबऱ्यात उभी करणार नाही. त्यानेच तर जा म्हटलं होतं. मी वर गेलो, कारण यंत्र अजून बंदच होतं. आजोबा म्हणाले, माझा काय प्रश्न आहे? मी काय एका बसवाल्याला घाबरतो? तुझ्या बापाचा जीव जाईल, त्याच्या प्रार्थनामंदिरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. जा म्हणाला तो तोच. म्हणजे बघ. एकेका ओळीवर सालोसाल भांडले, पण हे एक त्यांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला पाठ आहे. आणि विचारलं असतं तरी ते माझ्याकडूनच विचारावं लागलं असतं, आणि तुझं नाव माझ्यापुढे घ्यायला दोघंही लाजत होते.

तर हे पत्र मी का लिहितोय ते सांगतो. काल संध्याकाळी बाबांनी मला पडवीत बोलावलं आणि म्हणाले, तुझ्या ताईला लिही, दगड बसवायच्या दिवशी ये म्हणावं, नावही घालू, पण हे म्हाताऱ्याला कळू देऊ नकोस. मी वर झोपायला गेलो तर आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, पोरीला लिही, तिच्या आईच्या दगडाशी तिने असायला हवं, पण तुझ्या बापाला सांगू नकोस. त्यामुळे हे पत्र दोघांचं आहे, आणि दोघांपासून चोरून आहे. मी यातलं खाली काही नेलं नाही, वर काही नेलं नाही. हा एक निरोप मी पोचवणार नाही, तो तू स्वतःच्या पायांनी पोचव, दाजींना घेऊन, समोरच्या दाराने. शनिवार आजोबांच्या देवाचा आणि रविवार बाबांच्या, ते दोन सोडून कुठलाही दिवस कळव, दगड तयार असेल. आणि तू आलीस, ते दोघं तुझ्यामुळे एकमेकांशी एखादं वाक्य जरी बोलले, तरी मी आपला निघेन असं समजू नकोस. मी स्वतःला ओळखतो, मी बसमधून पुन्हा उतरेन. या घरात ‘जा’ हा शब्द एकदाच कुणीतरी म्हटला, तुला, आणि तो रागाने. माझ्यासाठी तो तू म्हणशील का? त्या दोघांच्या समोर, मोठ्याने, माझा दंड धरून, पण प्रेमाने. तसं कुणी म्हटल्याशिवाय मला जाता येत नाही, ताई.

तुझाच,
दोन मजल्यांमधला धाकटा